डोंगरात मंडळी घेऊन जाताना

मंडळी, गोंदिया जिल्हा म्हटला की परगावच्या माणसाच्या डोळ्यांपुढे भाताच्या बांध्या येतात, तळी आणि बोड्या येतात, भातगिरणीची धुरांडी येतात. सपाट मुलूख, पाण्याचा मुलूख, अशीच आपली ख्याती आहे, आणि ती काही खोटी नाही. पण गोंदियाहून पूर्वेकडे जाणाऱ्या पॅसेंजर गाडीत एकदा खिडकीशी बसून पाहा. आमगाव जाते, सालेकसा जाते, आणि मग हळूहळू देखावा पालटू लागतो. बांध्या आखूड होतात, सागाची आणि धावड्याची झाडी रुळांजवळ सरकते, दोन्ही अंगांनी टेकड्या उठतात. दरेकसा स्टेशन येते तेव्हा आपण डोंगरात शिरलेलो असतो. तेथून पुढे बोरतलाव, मग डोंगरगड, म्हणजे छत्तीसगड राज्य. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून आपला जिल्हा वेगळा झाला, तेव्हा हा डोंगराळ कोपरा आपल्या वाट्याला आला. हाजरा धबधबा येथलाच आणि कचारगडची गुहाही येथलीच.

हिवाळा आला की शाळांच्या आणि महाविद्यालयांच्या सहली निघतात. पुष्कळ गुरुजींवर आणि बाईंवर पहिल्यांदाच असा प्रसंग येतो, की चाळीस-पन्नास मुले घेऊन डोंगरात जायचे आहे आणि पुढारी आपणच आहोत. गावातले भजनी मंडळ असो, बचतगटाच्या बाया असोत, की तरुण मंडळ असो, कोणाला तरी पुढे व्हावेच लागते. त्या कोणासाठी आज मी चार गोष्टी सांगणार आहे. मी भूगोलाचा अध्यापक. नकाशा मला वाचता येतो. पण नकाशा वाचता येणे निराळे आणि माणसे डोंगरातून सुखरूप परत आणणे निराळे, हे मला कसे कळले ते आधी सांगतो.

ती गोष्ट २००९ च्या ऑक्टोबरातली. मला नोकरी लागून दोनच वर्षे झाली होती. सहलीला आमचे विभागप्रमुख जायचे होते, ते तापाने आजारी पडले आणि काम माझ्याकडे आले. त्रेचाळीस मुले-मुली, सोबतीला एक प्राध्यापिका बाई, आणि मी. सकाळच्या गाडीने दरेकसा, तेथून हाजरा धबधबा, दुपारी धनेगावच्या वाटेने कचारगड, आणि संध्याकाळच्या गाडीने परत, असा बेत मी कागदावर आखला. कागदावर तो फार सुरेख दिसत होता. त्या वाटेने मी स्वतः पूर्वी एकदाही चाललो नव्हतो, ही गोष्ट मी कोणाला सांगितली नाही. मलाही ती फारशी महत्त्वाची वाटली नाही.

धबधब्यापर्यंत सारे ठीक झाले. पाऊस नुकताच सरलेला, पाणी भरपूर, मुले खूश. जेवणाचे डबे सुटले, गाणी झाली, आणि बघता बघता तास-दीड तास जास्त गेला. मी घड्याळ पाहिले आणि घाईला आलो. "चला, उठा," म्हणून मी पुढे निघालो. जाताना मुले मोजली. चालत्या मुलांची डोकी मोजली, बरोबर त्रेचाळीस भरली. मी निर्धास्त झालो आणि धनेगावच्या वाटेला लागलो.

पाऊण-एक तास चाललो असू. एका मुलीने आपल्या मैत्रिणीला हाक मारली, तिचा डबा हिच्या पिशवीत राहिला होता. मैत्रीण मागच्या घोळक्यात असेल असे हिला वाटले होते, आणि मागच्यांना वाटले होते की ती पुढच्या घोळक्यात आहे. आम्ही थांबलो, पुन्हा मोजले. त्रेचाळीसच भरले. तेव्हा नावे वाचली, आणि उलगडा झाला. धबधब्यापाशी जवळच्या वस्तीवरचा एक दहा-बारा वर्षांचा मुलगा गंमत म्हणून आमच्यामागे लागला होता. त्रेचाळिसावे डोके त्याचे होते.

मंडळी, त्या क्षणी माझ्या पोटात काय झाले ते मी सांगत बसत नाही. तुमच्यात जे शिक्षक आहेत त्यांना ते कळेल. बाकीच्या मुलांना बाईंच्या हवाली केले, दोन धट्टीकट्टी मुले बरोबर घेतली आणि उलट पळत सुटलो. धबधबा जवळ येतो तसा त्याचा आवाज वाढतो. आम्ही हाका मारत होतो आणि आमच्याच हाका आम्हाला ऐकू येत नव्हत्या. दिवस कलला होता. तेवढ्यात एक म्हातारा गुराखी समोरून आला. म्हणाला, "गुर्जी, पोरगी पाहून रायले का? ते तिकडं गोट्यावर बसली हाय. पाय मुरगळला तिचा, रडून रायली."

पोरगी सापडली. घोटा सुजला होता, बाकी काही नव्हते. दगडाआड बसून चप्पल बांधत होती, उठताना पाय मुरगळला, आणि ओरडायची लाज वाटली म्हणून गप्प बसली. नंतर ओरडली तेव्हा पाण्याच्या आवाजात ते कोणाला ऐकू गेले नाही. म्हाताऱ्याने तिला आपली काठी दिली. मी त्याचे आभार मानू लागलो तर त्याने मला एकच प्रश्न केला, "समोर तुमी होते, मंग मांगं कोन होतं?"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. मागे कोणीच नव्हते.

कचारगड त्या दिवशी राहूनच गेले. संध्याकाळची गाडी चुकली, पुढच्या गाडीने आलो. त्या खोऱ्यात तेव्हा फोन लागत नसे, त्यामुळे घरी कोणालाच काही कळले नव्हते. गोंदियाच्या फलाटावर त्या मुलीचे वडील सात वाजल्यापासून उभे होते. मी सगळे सांगितले, काही लपविले नाही. त्यांनी मला दोन शब्द सुनावले असते तर बरे झाले असते. ते एवढेच म्हणाले, "आली ना पोरगी, झालं तर." आणि तिला सायकलवर मागे बसवून घेऊन गेले.

त्यानंतर मी बऱ्याच सहली नेल्या. आता जे सांगतो ते त्या एका दिवसाने आणि पुढच्या या सहलींनी शिकविलेले आहे.

पहिली गोष्ट, जेथे न्यायचे तेथे आधी आपण जाऊन या. शक्यतो त्याच महिन्यात, त्याच वेळी, त्याच गाडीने. एकट्याने नको, गावचा कोणी जाणता माणूस बरोबर घ्या. पाणी कोठे आहे, सावली कोठे आहे, बायका-मुलींना आडोसा कोठे आहे, वाट कोठे निसरडी आहे, फोन कोठपर्यंत लागतो, जवळचा दवाखाना कोणता, हे सारे वहीत टिपून ठेवा. दरेकशाचीच गोष्ट घ्या. स्टेशनावर उतरले की पुष्कळ लोक रुळांच्या कडेने धबधब्याकडे चालू लागतात, कारण ते जवळ पडते. हा मुंबई-हावडा हमरस्ता आहे. १८८० च्या दशकात येथे नागपूर-छत्तीसगड रेल्वेचा लहान रूळ होता. १८८७ साली बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी निघाली आणि तिने तो रुंद केला. आज त्यावरून रात्रंदिवस मालगाड्या आणि मेल धावतात. वळण आहे, झाडी आहे, बोगदा आहे. मागून येणारी गाडी घोळक्याला दिसेल तेव्हा उशीर झालेला असेल. रुळावरून मुले कधीही नेऊ नका, मग दुसरी वाट कितीही लांबची असो.

दुसरी गोष्ट, बेत लहान ठेवा. पहिल्यांदा जाणाऱ्याला दोन ठिकाणे एका दिवसात उरकण्याचा मोह होतो, मला झाला तसाच. डोंगरातल्या वेळेचे गणित सपाटीसारखे नसते. स्कॉटलंडमध्ये नायस्मिथ नावाचे एक गिर्यारोहक होऊन गेले. त्यांनी १८९२ साली एक साधा हिशेब सांगितला, तो आजही जगभर वापरतात. सपाटीवर पाच किलोमीटरला एक तास धरा, आणि दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास मिळवा. पण हा हिशेब तयारीच्या माणसाचा. शाळेतली मुले, डबे, पाणी पिणे, चप्पल तुटणे, फोटो काढणे, हे सारे धरले तर तो सरळ दुप्पट करावा. आपल्याकडे ऑक्टोबराच्या शेवटी सूर्य पावणेसहाच्या आत-बाहेर मावळतो, आणि दरीत अंधार त्याच्याही आधी पडतो. म्हणून उलटी बाजू धरून चला. गाडी कितीची, स्टेशनावर किती वाजता पोचायचे, म्हणून धबधब्यावरून किती वाजता उठायचे. ही उठण्याची वेळ सकाळीच सगळ्यांना सांगून टाका. मग काही झाले तरी त्या वेळेला उठायचेच.

तिसरी गोष्ट मोजण्याची. डोकी मोजू नका, नावे मोजा. त्याहून सोपा उपाय म्हणजे जोड्या लावा. प्रत्येकाला एक जोडीदार, आणि दिवसभर एकमेकांवर नजर ठेवण्याचे काम त्या दोघांचे. "जोड्या पाहा," असे म्हटले की एका दमात कळते कोण नाही ते. पाच-पाच जोड्यांवर एक नाईक नेमा आणि त्याच्याजवळ दहा नावांची चिठ्ठी द्या. थांबल्यावर मोजा, निघण्यापूर्वी मोजा, निघाल्यावर मोजू नका. चालत्या माणसांची मोजणी फसवी असते, हे मी त्रेचाळिसाव्या डोक्यावरून शिकलो.

आणि चौथी गोष्ट, त्या म्हाताऱ्याच्या प्रश्नाची. पुढारी पुढेच असावा असे कोणी सांगितले? पुढे वाट माहीत असलेला माणूस द्या, आणि त्याला बजावून ठेवा की सर्वांत हळू चालणाऱ्याच्या चालीने चालायचे. त्या हळू चालणाऱ्यालाच दुसऱ्या-तिसऱ्या नंबरावर ठेवले तर फारच उत्तम, म्हणजे चाल आपोआप बेतात राहते. मागे सर्वांत जबाबदार माणूस असावा, आणि त्याच्यामागे कोणीही नसावे. पहिल्यांदा जाणाऱ्या पुढाऱ्याची जागा मागे आहे असे माझे मत झाले आहे. मागून सगळे दिसतात. एकेक शिट्टी पुढच्याजवळ आणि मागच्याजवळ असू द्या. शिट्टी पाण्याच्या आवाजातही ऐकू जाते, आणि पाय मुरगळलेल्या मुलीला ती वाजवायची लाज वाटत नाही.

आता तुम्ही म्हणाल, हे सारे लष्करासारखे झाले, यात मजा कोठली? तर मी तुम्हाला वारीची आठवण देतो. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आळंदीहून पंढरपूरला जाते, वाटेत पुणे ते सासवडच्या मध्ये दिवेघाट चढते. रथाला बैलांच्या जादा जोड्या लावतात. हजारो माणसे, म्हाताऱ्या बायांपासून पोरांपर्यंत, टाळ-मृदंगाच्या नादात घाट चढून जातात. हे कसे होते? प्रत्येक दिंडीला नंबर आहे, कोणती दिंडी रथाच्या पुढे आणि कोणती मागे हे ठरलेले आहे, दिंडीत पताकावाले कोठे, वीणेकरी कोठे हे ठरलेले आहे, आणि चोपदाराचा चोप वर झाला की सारे शांत होतात. एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी या सोहळ्याला ही शिस्त लावून दिली. त्या शिस्तीने वारीतला आनंद कमी झाला का? उलट माणूस निर्धास्त झाला म्हणून तर तो नाचू शकतो. आपल्या सहलीचेही तसेच आहे.

साहेबांच्या देशातही ही विद्या अशीच शिकावी लागली. टॉमस कुक नावाच्या गृहस्थाने ५ जुलै १८४१ रोजी इंग्लंडात लेस्टर ते लफबरो अशी पाचशेएक माणसांची सहल रेल्वेने नेली, माणशी एक शिलिंग घेऊन. तो सपाटीचा प्रवास होता. पुढे १८६३ साली त्याने पहिल्यांदा मंडळी घेऊन स्वित्झर्लंडचे डोंगर दाखविले. त्या मंडळीत जेमायमा मॉरेल नावाची एक तरुण बाई होती, तिने रोज काय झाले ते लिहून ठेवले. ती रोजनिशी शंभर वर्षांनी, १९६३ साली, छापून निघाली. पायघोळ झग्यांतल्या त्या बायका पहाटे उठून बर्फाचे डोंगर पाहायला चालत होत्या, दमत होत्या आणि हसत होत्या. तोपर्यंत डोंगर पाहायला जाणे हा श्रीमंतांचा आणि धाडसी लोकांचा छंद होता. सामान्य माणूसही तेथे जाऊ शकतो, कोणी नीट नेणारा असेल तर, हे त्या सहलीने दाखविले. आपण शाळेची मुले दरेकशाला नेतो तेव्हा तेच करीत असतो. गावातल्या कितीतरी मुलांनी स्वतःच्या जिल्ह्याचा डोंगर पाहिलेला नसतो.

आता पाण्याविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण डोंगरातल्या सहलीत जिवावरचे प्रसंग बहुतेक पाण्यापाशी येतात. ८ जून २०१४ रोजी हिमाचल प्रदेशात बियास नदीच्या पात्रात हैदराबादच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाची मुले फोटो काढायला उतरली होती. पात्र बरेचसे कोरडे होते. वरच्या लारजी धरणातून पाणी सोडले गेले आणि लोंढा आला. चोवीस विद्यार्थी आणि सहलीबरोबरचा एक माणूस वाहून गेला. ती मुले काही पुरात उडी घेणारी नव्हती. ती दगडांवर उभी होती, इतकेच.

यातून घ्यायचे ते हे, की पाणी जेथे आपण उभे आहोत तेथे ठरत नाही, ते वर ठरते. आपल्या डोक्यावर ऊन असेल आणि मागच्या डोंगरावर पाऊस कोसळत असेल. पाणी अचानक गढूळ झाले, त्यात पाने-काटक्या वाहून येऊ लागल्या, आवाज जड झाला, तर एक क्षण न दवडता सगळ्यांना पात्राबाहेर उंचावर काढा. धबधब्याखालच्या डोहात मुले उतरवू नका. डोहाची खोली वरून दिसत नाही, आणि पोहता येणारा मुलगाही शेवाळावरून घसरून दगडावर आपटला तर पोहणे कामाला येत नाही. वाहते पाणी गुडघ्याला लागले की मोठा माणूससुद्धा डळमळतो. धबधब्याच्या माथ्यावर जाणे तर सक्त मना करा. वरून खाली वाकून पाहणारा एक असतो, मागून ढकलाढकली करणारे दहा असतात. आता हाजऱ्याला गावची मुले देखरेखीला असतात, ती जेथे थांबायला सांगतील तेथे थांबा. त्यांना त्या दगडांची ओळख आपल्यापेक्षा जास्त आहे.

बाकीचे थोडक्यात सांगतो. पालकांचे लेखी संमतिपत्र आणि वरिष्ठांची परवानगी घेतल्याशिवाय निघू नका. एक यादी शाळेत, एक तुमच्याजवळ, आणि जमल्यास एक सालेकशाच्या पोलीस ठाण्यात. प्रत्येकाजवळ किमान एक लिटर पाणी हवे. कोणी ऊन लागून गळून गेले तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून थोडे थोडे पाजा. साप चावला तर चिरू नका, घट्ट आवळू नका, मंत्रतंत्रात वेळ घालवू नका, हात-पाय हलू न देता थेट दवाखान्यात न्या. रुग्णवाहिकेचा नंबर १०८. पण फोन कोठे लागतो ते आधीच हेरून ठेवलेले असले पाहिजे. कड्यांना आग्यामोहोळ असते, तेथे धूर, आरडाओरडा, दगड मारणे नको. माश्या उठल्याच तर तोंड झाकून तेथून दूर व्हायचे, हात झाडत उभे राहायचे नाही. विजा कडाडू लागल्या तर एकट्या झाडाखाली उभे राहू नका.

एवढी खबरदारी घेतली म्हणजे डोंगर दाखविला असे होत नाही. पुष्कळ सहली जातात, जेवतात, फोटो काढतात आणि परत येतात, डोंगर मात्र कोणी पाहिलेला नसतो. दाखवायचा कसा? माझी एक रीत आहे. मुलांना एखाद्या मोठ्या दगडापाशी बसवतो आणि म्हणतो, याचे वय सांगा. कोणी हजार वर्षे म्हणतो, कोणी लाख म्हणतो. मग मी सांगतो. सह्याद्रीचा काळा दगड ज्वालामुखीच्या रसाचे थरावर थर साचून झाला, त्याला सुमारे साडेसहा कोटी वर्षे झाली. आपल्या या पूर्वेच्या डोंगरांचा दगड डोंगरगडच्या खडकांच्या कुळातला, त्याचे वय सुमारे अडीचशे कोटी वर्षे. आकडा मोठा आहे, तो मुलांच्या हाती लागत नाही. म्हणून म्हणतो, हा दगड शंभर वर्षांचा आजोबा आहे असे धरा. मग रायगडचा दगड म्हणजे अडीच वर्षांचे नातवंड. आणि आपण सारी माणसे, माणसाची अख्खी जात, म्हणजे जन्मून चार-साडेचार दिवस झालेले बाळ. एवढे ऐकल्यावर मुले त्या दगडाला हात लावून पाहतात. कोणी सांगावे लागत नाही.

त्यानंतर पाच मिनिटे सगळ्यांनी गप्प बसायचे. एवढाच नेम. पाच मिनिटांनी प्रत्येकाने एक ऐकलेली गोष्ट सांगायची. कोणी पाण्याचा आवाज सांगतो, कोणी पक्ष्याचा, कोणी लांबच्या मालगाडीचा. एकदा एक मुलगा म्हणाला, "सर, मला माझाच श्वास ऐकू आला." मला त्या सहलीचे भाडे वसूल झाल्यासारखे वाटले.

आता राहिलेली गोष्ट कचारगडची. त्याच वर्षीच्या डिसेंबरात मी पुन्हा मंडळी घेऊन गेलो. या वेळी एकच ठिकाण, आणि आधी जाऊन पाहिलेले. माझ्या वर्गात सालेकसा तालुक्यातला एक गोंड मुलगा होता. वर्गात कधी तोंड उघडत नसे, शेवटच्या बाकावर बसे. त्याला मी पुढे दिला आणि आपण मागे राहिलो. चढ लागला तशी त्याची चाल पाहण्यासारखी होती. झपझप नाही, पण कोठे थांबणे नाही, आणि दर वळणावर मागे पाहणे. गुहेजवळ देवस्थानापाशी आल्यावर त्याने काही न बोलता पायांतल्या चपला काढल्या. आमची बाकीची मंडळी मोठमोठ्याने बोलत, चिवडा खात तशीच पुढे निघाली होती. मी पाहिले आणि मला ओशाळे वाटले. मीही बूट काढले. मग एकेक करून सगळ्यांनी काढले.

गुहा प्रचंड आहे. आत शिरल्यावर माणूस आपोआप आवाज खाली आणतो. वरून एका भगदाडातून उजेड येतो. तेथे बसून त्या मुलाने आम्हाला आपल्या आजीने सांगितलेली कथा सांगितली. काली कंकाली मातेची तेहतीस बाळे शंभू शेकाने या गुहेत कोंडली आणि तोंडाशी मोठा दगड लावला. आईचा आकांत चालला. तेव्हा पहांदी पारी कुपार लिंगो आला, त्याच्याबरोबर वाद्य वाजविणारा हिरासुका पाटालीर आला. हिरासुकाच्या वादनाने आतल्या बाळांच्या अंगी बळ आले, त्यांनी दगड लोटला. बाळे सुटली, पण हिरासुका त्या दगडाखाली सापडला. मग जंगो रायताडने त्या बाळांना सांभाळले, लिंगोने त्यांना शहाणे केले आणि त्यांच्यापासून गोंडांची कुळे झाली. गोंडांच्या कोया पुनेम या धर्माची वाट येथून सुरू होते अशी त्यांची श्रद्धा आहे. माघ पौर्णिमेला येथे मोठी जत्रा भरते. १९८० च्या दशकात गोंडी भाषेचे अभ्यासक मोतीरावण कंगाली आणि त्यांचे मोजके सोबती येथे येऊ लागले, त्यातून ती वाढली. आज मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणापासून लाखो माणसे "जय सेवा" म्हणत हा डोंगर चढतात.

कथा संपली तेव्हा कोणी बोलले नाही. वर्षभर शेवटच्या बाकावर बसणारा तो मुलगा त्या दिवशी आम्हा सर्वांचा गुरुजी झाला होता. आणि माझ्या मनात आले, की मी ज्याला रमणीय देखावा म्हणून मुलांना दाखवायला आणले होते ते कोणाचे तरी मूळपीठ आहे, कोणाच्या आजीचे माहेर आहे. डोंगर ओसाड नसतो. तेथे कोणी ना कोणी राहते, गुरे चारते, मोह वेचते, देव पुजते. सहलीच्या पुढाऱ्याने निघण्यापूर्वी मुलांना हे सांगितले पाहिजे. तेथल्या माणसाला वाटाड्या म्हणून घ्या, त्याला योग्य मोबदला द्या, तो सांगेल तेथे चपला काढा, तो नको म्हणेल तेथे फोटो काढू नका. दगडावर नावे कोरू नका, प्लॅस्टिकची एक पिशवीही मागे ठेवू नका. आणि तुमच्याच वर्गात त्या डोंगरातले एखादे मूल असेल तर त्याला पुढे द्या. वर्गात शेवटी बसणारे मूल डोंगरात पहिले निघते, हे मी पुढेही पुष्कळदा पाहिले.

परत आल्यावर सहल संपली असे समजू नका. प्रत्येक मूल घरच्या माणसाच्या हाती पोचेपर्यंत पुढाऱ्याचे काम सुरूच असते. फलाटावर, नाही तर शाळेच्या फाटकाशी, शेवटची नावे वाचा. शेवटचे मूल जाईपर्यंत तेथेच उभे राहा. मी अजून उभा राहतो. मुले आता म्हणतात, "सर, तुम्ही जा ना घरी, आम्ही जातो." मी मान हलवतो आणि तेथेच थांबतो. सात वाजल्यापासून फलाटावर उभा असलेला तो एक बाप माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

ती पाय मुरगळलेली मुलगी आता स्वतः शिक्षिका आहे. दोन वर्षांपूर्वी तिचा फोन आला. म्हणाली, "सर, पहिल्यांदाच पोरांना घेऊन हाजऱ्याला चालले आहे. काय काय पाहू?" मी तिला वर सांगितलेले सारे सांगितले. तिने ऐकून घेतले आणि शेवटी म्हणाली, "ते ठीक आहे सर, पण मी मागेच राहणार आहे."

मला आणखी काही सांगायचे उरले नाही.